कराचीहून मुंबईस

मुंबईहून पुण्याकडे निघालेली आगगाडी कल्याण ओलांडून पुढे गेली, म्हणजे उल्हासनगर लागते आणि त्यामागून अंबरनाथ व बदलापूर ही गावे येतात. 1947 साली देशाची फाळणी झाली, तेव्हा सिंध प्रांत सोडून आलेल्या हजारो कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला. 1949 साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव देण्यात आले. यांपैकी कितीतरी कुटुंबे कराचीस आगबोटीवर चढून मुंबई बंदरात उतरली होती. फाळणीपूर्वी पंधरा वर्षे हेच अंतर एका तरुणाने आकाशमार्गाने आक्रमिले होते. त्यांचे नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा.

जहांगीर यांचा जन्म 29 जुलै 1904 रोजी पॅरिस येथे झाला. त्यांची आई फ्रेंच होती. फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावर ज्या गावी हे कुटुंब उन्हाळ्यात राहत असे, तेथेच ब्लेरिओ यांचेही घर होते. इंग्लंड व फ्रान्स यांमधील खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे ते हेच वैमानिक. त्या सहवासात जहांगीर यांना उड्डाणाचा ध्यास लागला. 1929 साली त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिलाच परवाना होता.

त्याच सुमारास आगाखान यांनी इंग्लंड व भारत यांमधील अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या भारतीयासाठी बक्षीस ठेवले. जहांगीर कराचीहून निघाले. सतरा वर्षांचे अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. स्पार्क प्लग नसल्यामुळे अस्पी अडकून पडले होते. जहांगीर यांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना देऊन टाकले. अस्पी काही तास आधी पोहोचले व बक्षीस त्यांनीच जिंकले. असा प्रतिस्पर्धी सर्वांनाच लाभत नाही!

त्या काळी लंडनचे टपाल विमानाने कराचीपर्यंत येई. पुढे मात्र आगगाडीचा लांबचा वळसा होता. 15 ऑक्टोबर 1932 रोजी सकाळी 6 वाजून 35 मिनिटांनी जहांगीर टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून निघाले. पस मॉथ जातीच्या त्या चिमुकल्या विमानास एकच इंजिन होते. बिनतारी यंत्रही नव्हते. अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणलेले होते. आकाशातील वाहनाची तहान बैलांनी भागवावी, ही मौजच म्हणावयाची! दुपारी 1 वाजून 50 मिनिटांनी विमान जुहूस उतरले.

कराची ते मुंबई हे सरळ अंतर सुमारे 870 किलोमीटर आहे. अहमदाबादेवरून ते 1040 किलोमीटरांच्या घरात जाते. ताशी सुमारे 160 किलोमीटर वेगाने एवढ्यासाठीच साडेसहा तास लागतात. थांबण्याचा वेळ धरून जहांगीर यांना सव्वासात तास लागले.

या टपालसेवेतूनच पुढे एअर इंडिया उदयास आली. 8 जून 1948 रोजी तिचे पहिले विमान कैरो व जिनीव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हा जहांगीर त्यात प्रवासी होते.

15 ऑक्टोबर 1982 रोजी, वयाच्या 78 व्या वर्षी, ते पुन्हा कराचीस गेले. आता कराची परदेशात होती. लेपर्ड मॉथ जातीचे जुने विमान एकट्याने चालवीत, त्याच मार्गाने, अहमदाबादेस थांबून ते जुहूस उतरले. 29 नोव्हेंबर 1993 रोजी जिनीव्हा येथे त्यांचे निधन झाले.