तीन दौलतींचा दिवाण : सर टी. माधवराव

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत होळकरांच्या कारभाऱ्यांची गोष्ट निघाली की, मंदसोरच्या तहानंतर दौलत सावरणाऱ्या तात्या जोगांचे नाव पहिल्याने येते. सर टी. माधवरावांचे नाव मात्र मी त्या बोलण्यात क्वचितच ऐकले. त्रावणकोरचे आणि बडोद्याचे माधवराव सर्वांना ठाऊक. मधली इंदूरची सुमारे दोन वर्षे जणू गळून गेली. ती का गळाली हे पाहू गेले असता त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचे मर्म हाती लागते, असे मला वाटते.

माधवरावांचा जन्म २० नोव्हेंबर १८२८ चा, कुंभकोणमचा. भोसल्यांच्या राज्यामुळे कावेरीकाठी जी मराठी मंडळी कायमची राहिली, त्यांतल्या देशस्थ ब्राह्मणांचे हे घराणे. वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव, दोघेही त्रावणकोरचे दिवाण होऊन गेलेले. मद्रासच्या हायस्कुलात पॉवेलसाहेबांच्या हाताखाली गणित आणि विज्ञान शिकून माधवरावांनी काही काळ अकाउंटंट जनरलच्या कचेरीत काढला. १८४९ साली त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून त्यांना बोलावणे आले. तेथून ते मुलकी खात्यात शिरले आणि दक्षिण भागाचा कारभार त्यांनी चोख केला. डिसेंबर १८५७ मध्ये दिवाण कृष्णराव वारले आणि दिवाणगिरीची वस्त्रे माधवरावांच्या अंगावर आली. तेव्हा त्यांनी नुकते एकोणतिसावे वर्ष पुरे केले होते. वर्षभरात ते कायम झाले.

खजिना रिता, नोकरांचे पगार थकलेले, वर कर्ज. तरुण दिवाणाने मिरीची आणि तंबाखूची सरकारी मक्तेदारी उठवली, अनेक किरकोळ कर काढून टाकले, रस्ते आणि कालवे हाती घेतले, शाळा काढल्या. १८६५ च्या जाहीरनाम्याने सरकारी जमीन कसणाऱ्या कुळांना मालकी मिळाली. १८७२ साली ते निघाले तेव्हा खजिन्यात चाळीस लाखांची शिल्लक होती.

पण सारेच उजळ नव्हते. नाडार स्त्रियांनी अंगावर वरचे वस्त्र घ्यावे की नाही, यावरून १८५८-५९ मध्ये दक्षिण त्रावणकोरात दंगे झाले. तेव्हा या इंग्रजी शिकलेल्या दिवाणाने आधी जुन्या रूढीचीच बाजू धरली. मद्रास सरकारचा दाब आल्यावर जुलै १८५९ मध्ये परवानगी दिली, तीही उच्चवर्णीयांची तऱ्हा उचलू नये या अटीवर. पैशाच्या बाबतीत धीट असलेला हा माणूस समाजाच्या बाबतीत बेताचाच होता, हे सांगितलेच पाहिजे.

त्रावणकोरचे महाराज आयिल्यम तिरुनाळ हे त्यांचे शिष्य. तरीही, किंवा म्हणूनच, पुढे दोघांचे बिनसले. राज्य नावारूपाला आले आणि नाव मात्र दिवाणाचे होऊ लागले, हे कोणत्या राजाला रुचेल? १८७२ साली माधवरावांनी पद सोडले. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात जागा मिळत असताना तीही त्यांनी नाकारली.

याच सुमारास तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारकडे चांगल्या दिवाणाची मागणी केली आणि १८७३ मध्ये माधवराव इंदूरला आले. तुकोजीराव लहानपणी गादीवर बसलेले, १८५२ पासून स्वतः कारभार पाहणारे. इंदूरच्या आगगाडीसाठी सरकारला एक कोट रुपये कर्जाऊ देणारा हा राजा पैपैचा हिशेब स्वतः ठेवी. अशा दरबारात दिवाणाने काय करावे? माधवरावांनी फौजदारी कायद्याचा मसुदा हाती घेतला. माळव्याची अफू तेव्हा इंदूरच्या काट्यावर तोलून, कर भरून मुंबईस जाई. त्या व्यापारावर त्यांनी पार्लमेंटच्या समितीसाठी टिपण लिहिले. दोन्ही कामे लेखणीची. त्रावणकोरासारखा सारा कारभार त्यांच्या हाती येथे कधी आलाच नाही. यात तुकोजीरावांना दोष देण्याचे कारण मला दिसत नाही. ज्या घराचा धनी जागा असतो, तेथे कारभाऱ्याचे नाव मोठे होत नाही, इतकेच.

१८७५ मध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले आणि सरकारने माधवरावांना बडोद्यास नेले. इंदुरात त्यांच्या जागी त्यांचेच चुलतभाऊ रघुनाथराव आले. बडोद्यात दत्तक घेतलेले सयाजीराव अवघे बारा वर्षांचे. सावकारांची देणी, सरदारांचे तंटे, न्यायखाते, शाळा, सारे काही माधवरावांनी मार्गी लावले. १८८१ मध्ये त्यांनी तरुण महाराजांना राज्यकारभारावर व्याख्यानेही दिली. त्या वर्षाअखेर सयाजीरावांना अधिकार मिळाले आणि १८८२ मध्ये दिवाण निघाले. दुसराही शिष्य मोठा झाला होता.

ग्वाल्हेरीस दिनकररावांचीही गत याहून निराळी झाली नव्हती. दिवाणाचे बळ हे राजाच्या मर्जीचे बळ; प्रजेने त्याला नेमलेले नसते, तेव्हा प्रजा त्याला राखूही शकत नाही. माधवरावांना हे उमगले असावे असे मला वाटते. कारण १८८७ साली मद्रासला काँग्रेस भरली तेव्हा स्वागताध्यक्ष म्हणून उभे राहिले ते हेच सर टी. माधवराव. पुढे मतभेद होऊन ते तेथूनही बाजूला झाले. ४ एप्रिल १८९१ रोजी मद्रासेत त्यांचे देहावसान झाले.

त्रिवेंद्रमला सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आहे. बडोद्याला सयाजीरावांचे नाव निघाले की मागून त्यांचे येतेच. इंदूरने निदान आपल्या कारभाऱ्यांच्या मालिकेत त्यांचे नाव गाळू नये.