समतेचे पाईक : साने गुरुजी

जळगाव जिल्ह्यात बोरी नदीच्या काठी अमळनेर हे गाव आहे. सुमारे १०० वर्षांपूर्वी तेथील शाळेच्या वसतिगृहात एक तरुण शिक्षक राहत असत. मुले बाहेर गेली की ते हळूच त्यांच्या खोल्यांत जात, केर काढत, पसरलेल्या वस्तू जागच्या जागी ठेवत. एखाद्याचे मळके कपडे दिसले, तर तेही धुऊन टाकत. कोणी आजारी पडला, तर रात्रभर त्याच्या उशाशी बसत. आपले शिक्षक आपली कामे करतात हे पाहून मुलांना लाज वाटे आणि ती स्वतः केरसुणी हाती घेत. हे शिक्षक म्हणजे पांडुरंग सदाशिव साने. सारा महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी म्हणून ओळखतो.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड या गावी झाला. घरची गरिबी होती. शिक्षणासाठी त्यांनी दापोली, औंध, पुणे अशा ठिकाणी दिवस काढले, प्रसंगी उपासही सोसले. गरीब मुलाला शिकण्याची संधी मिळणे किती अवघड असते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. १९२४ साली ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. कोणतेही काम हलके नाही आणि कोणताही माणूस हलका नाही, हा धडा त्यांनी मुलांना शब्दांनी नव्हे, तर वागण्यातून दिला.

१९३० साली महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह सुरू केला. गुरुजींनी नोकरी सोडली आणि स्वातंत्र्याच्या लढ्यात उडी घेतली. त्यांना अनेकदा तुरुंगवास घडला. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबा भावेही तेथेच होते. विनोबा दर रविवारी गीतेवर प्रवचन देत आणि गुरुजी ते भराभर लिहून घेत. ती प्रवचने पुढे पुस्तकरूपाने देशभर पोहोचली. पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ हे पुस्तक लिहिले.

डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे काँग्रेसचे पहिलेच अधिवेशन होते. त्यासाठी गुरुजी गावोगाव फिरले. अधिवेशनात त्यांनी ग्रामसफाईचे काम घेतले. जे काम करणाऱ्यांना समाज दूर लोटत होता, तेच काम या उच्चशिक्षित माणसाने आनंदाने केले. खानदेशातील शेतकरी आणि गिरणी कामगार यांच्या हक्कांसाठीही ते झगडले. सर्व धर्मांविषयी त्यांना आदर होता. ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तकही त्यांनी लिहिले आहे.

स्वातंत्र्य जवळ येऊ लागले, तेव्हा गुरुजींच्या मनाला एक प्रश्न छळू लागला. इंग्रज जातील, पण आपल्याच भावांना अस्पृश्य मानणाऱ्या समाजाला स्वतंत्र कसे म्हणावे? पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हे महाराष्ट्राचे मोठे तीर्थक्षेत्र. पण दलितांना त्या मंदिरात प्रवेश नव्हता. थोर संत चोखामेळा यांनाही सुमारे ७०० वर्षांपूर्वी बाहेरच उभे राहावे लागले होते. त्यांची समाधी मंदिराच्या महाद्वारासमोर आहे. हे मंदिर सर्वांसाठी खुले झाले पाहिजे, असा निश्चय गुरुजींनी केला.

१९४७ च्या सुरुवातीला त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला. गावोगावी सभा झाल्या. अनेक गावांनी आपल्या विहिरी आणि मंदिरे दलितांसाठी खुली केली. पण सगळ्यांनाच हे पटले नाही. जुन्या विचारांचे लोक म्हणत, पूर्वापार चालत आलेली रीत मोडू नये. काही जण म्हणत, आता आपले सरकार येईल, कायदा होईल, तोवर थांबावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी सत्याग्रह सुरू केला होता. तो कित्येक वर्षे चालला, तरी मंदिर उघडले नाही. त्या अनुभवानंतर मंदिरापेक्षा शिक्षण, नोकऱ्या आणि राजकीय हक्क दलितांसाठी अधिक महत्त्वाचे आहेत, असे त्यांचे मत झाले होते.

गुरुजींनाही शिक्षणाचे मोल ठाऊक होते. मात्र कायद्याबरोबर माणसांची मनेही बदलली पाहिजेत, असे त्यांना वाटे. चूक सवर्णांची आहे, तेव्हा ती दुरुस्त करण्यासाठी सवर्णांनीच झिजले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती.

१ मे १९४७ रोजी पंढरपूरच्या तनपुरे महाराज मठात त्यांनी उपोषण सुरू केले. दिवसेंदिवस त्यांची प्रकृती खालावत गेली. गांधीजींपर्यंत चुकीची माहिती पोहोचली होती. उपोषण सोडावे, अशी तार त्यांनी गुरुजींना केली. गुरुजी गांधीजींना फार मानत. त्यांचा शब्द मोडणे सोपे नव्हते. तरीही आपली बाजू सत्याची आहे, या विश्वासाने गुरुजी मागे हटले नाहीत. अखेर दादासाहेब मावळंकर यांनी मध्यस्थी केली. मंदिराच्या बडव्यांनी संमती दिली आणि उपोषण संपले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला.

माणसामाणसांत भेद करण्याचा रोग फक्त आपल्याच देशात नव्हता. त्याच काळात अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. बसमध्येही कातडीच्या रंगावरून जागा ठरत. शाळांतील हा भेद घटनाबाह्य आहे, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला. त्याआधीच, २६ जानेवारी १९५० रोजी, भारताची राज्यघटना अमलात आली होती. तिच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. आंबेडकरांचा मार्ग हक्कांचा होता, गुरुजींचा मनाच्या पालटाचा. समतेला दोन्हींची गरज असते.

११ जून १९५० रोजी गुरुजींचे निधन झाले. पंढरपूरच्या मंदिराचे दार उघडण्यासाठी त्यांनी प्राण पणाला लावले. पण त्या कामाची सुरुवात अमळनेरच्या वसतिगृहात, हातात केरसुणी घेऊन झाली होती. कायद्याने दार उघडते. आत आलेल्या माणसाला आपल्या शेजारी बसवायचे की नाही, हे मात्र आपणच ठरवायचे असते.