साने गुरुजी : द्वेषावर शिक्षणाचा उतारा

कोकणातील पालगड या गावी २४ डिसेंबर १८९९ रोजी पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म झाला. घर खोतांचे असले तरी वैभव ओसरलेले होते. आई यशोदाबाईंनी गरिबीतही मुलावर जे संस्कार केले, ते पुढे ‘श्यामची आई’ या पुस्तकातून घराघरांत पोहोचले. मात्र मातृभक्त लेखक एवढीच गुरुजींची ओळख ठेवली, तर त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग दृष्टीआड राहतो. तरुण मनात द्वेष रुजू नये, यासाठी त्यांनी आयुष्यभर धडपड केली.

तत्त्वज्ञान विषयात एम.ए. झाल्यावर १९२४ मध्ये ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे कपडे धुणे, आजारी मुलाच्या उशाशी बसणे ही कामे ते स्वतः करीत. शिक्षेच्या धाकापेक्षा शिक्षकाच्या वागण्याने मुले अधिक बदलतात, ही त्यांची श्रद्धा होती. मुलांना जगाचे भान यावे म्हणून त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिकही चालविले.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरले. धुळे, नाशिक व त्रिचनापल्ली येथील तुरुंगांत त्यांनी कारावास भोगला. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेतील निरनिराळ्या भाषा बोलणारे सत्याग्रही त्यांच्यासोबत होते. एकाच देशासाठी कारावास भोगणाऱ्या या माणसांना परस्परांची भाषा मात्र येत नव्हती. गुरुजींनी तमिळ ग्रंथ ‘कुरल’ मराठीत आणला. आंतरभारतीच्या कल्पनेचे बीज याच अनुभवात होते.

१९४१ मध्ये राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली. जातिधर्माच्या भिंती न मानणारी तरुण पिढी घडविणे हा दलाचा हेतू होता. खेळ, कवायत, गाणी, कलापथके आणि श्रमदान यांतून मुले एकत्र येत. गुरुजी या मुलांचे स्फूर्तिस्थान बनले. पुढे गोवा मुक्तिलढ्यात महाराष्ट्रातून आलेल्या सत्याग्रहींमध्ये सेवा दलाचे अनेक कार्यकर्ते होते.

पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुले व्हावे, याकरिता गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला आणि मे १९४७ मध्ये उपोषण केले. मंदिराचे दार उघडले. त्यानंतरचे वर्ष मात्र त्यांच्या श्रद्धेची परीक्षा पाहणारे ठरले. फाळणीचा रक्तपात झाला, गांधीजींची हत्या झाली आणि तिच्या पाठोपाठ महाराष्ट्रात अनेक गावांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली. हत्या करणारा हात मराठी होता, याचे शल्य गुरुजींना असह्य झाले. त्यांनी प्रायश्चित्त म्हणून एकवीस दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले.

१९४९ च्या पुणे साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. रवींद्रनाथांची विश्वभारती त्यांच्या डोळ्यांसमोर होती. विविध प्रांतांतील तरुणांनी एकत्र राहावे, एकमेकांची भाषा, साहित्य आणि कला शिकावी, असे केंद्र त्यांना उभारायचे होते. भाषावार प्रांतरचनेची मागणी तेव्हा जोर धरत होती. भाषेचा अभिमान शेजाऱ्याच्या तिरस्कारात बदलू नये, याची काळजी त्यांना होती. हिंदी आणि उर्दूच्या सहवासात मराठी कुटुंबे नांदणारे भोपाळ असो किंवा कोकणी आणि मराठी शेजारी नांदणारा गोवा, आंतरभारतीचा विचार अशा ठिकाणी अधिकच जवळचा वाटतो.

हे स्वप्न साकार झालेले पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही. भोवतालच्या विषमतेने आणि वैराने व्यथित झालेल्या गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. त्यांच्या जाण्याची हळहळ आजही संपलेली नाही. पण विचार टिकला. १९८५ मध्ये बाबा आमटे तरुण-तरुणींना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रेला निघाले, तेव्हा देशात दहशतवाद आणि दंगलींचे सावट होते. त्या सायकलस्वारांच्या वाटेवर आंतरभारतीचाच प्रकाश होता.

दंगलीनंतर शांतता समित्या स्थापन होतात. गुरुजींचे काम मात्र त्याच्या कितीतरी आधी, छात्रालयाच्या खोलीत आणि सेवा दलाच्या मैदानावर सुरू होत असे. शेजाऱ्याची भाषा शिकलेला मुलगा त्याच्यावर दगड उचलताना थबकेल, या विश्वासावर ते उभे होते.