स्फटिकशास्त्राचे जनक : रने जुस्त आउई

मिठाचा खडा चौरस घनाचा असतो आणि तुरटीचा स्फटिक आठ पैलूंचा असतो, हें आमच्या विद्यार्थिवर्गास ठाऊक आहेच. ही नियमित घडण कशी होते, याचा पहिला पद्धतशीर उलगडा ज्यांनीं केला, त्या रने जुस्त आउई या फ्रेंच पंडिताचें अल्प चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

आउई यांचा जन्म २८ फेब्रुवारी १७४३ रोजीं उत्तर फ्रान्समधील सँ-जुस्त गांवीं एका गरीब विणकराच्या घरीं झाला. पुढें ते पाद्री झाले व पॅरिस येथें अध्यापन करूं लागले. एकदां मित्राच्या संग्रहांतील कॅल्साइटचा सहा बाजूंचा स्फटिक त्यांच्या हातून पडून फुटला, अशी कथा प्रसिद्ध आहे. पाहतात तों तुकडे तिरकस घनाच्या आकाराचे! त्यांनीं स्वतःच्या संग्रहांतील निरनिराळ्या आकारांचे कॅल्साइटही फोडून पाहिले. सर्वांचे तुकडे त्याच कोनांचे निघाले. यावरून त्यांनीं ताडिलें कीं, विटांवर विटा रचाव्या तसे सूक्ष्म, समान घटक रचले जाऊन स्फटिक बनतो. द्रव सावकाश आटला किंवा निवाला म्हणजे कणांस आपापल्या जागीं बसण्यास अवसर मिळतो व स्फटिक मोठा होतो. १७८४ सालीं त्यांनीं आपला सिद्धांत प्रसिद्ध केला. आंतील कणांची रचना नियमबद्ध असते, हें १९१२ सालीं क्ष-किरणांनीं सिद्ध झालें.

राज्यक्रांतीच्या काळीं, १७९२ च्या ऑगस्टांत, नवी शपथ न घेतल्यामुळें आउई बंदिवान झाले. तेथेंही ते आपले स्फटिक मागवून शांतपणें लावीत बसत. वीस वर्षांच्या झोफ्र्वा सँ-तिलेर या त्यांच्या विद्यार्थ्यानें धडपड करून त्यांची सुटका करविली. थोड्याच दिवसांत, सप्टेंबरांत, त्या कारागृहांतील अनेक धर्मगुरूंची कत्तल झाली. असें संकट नुकतेंच टळलें असतांही, १७९३ सालीं रसायनवेत्ते लाव्हाझिए कैद होतांच आउई यांनीं त्यांच्या सुटकेसाठीं अर्ज केला. तो व्यर्थ गेला. ८ मे १७९४ रोजीं लाव्हाझिए यांचा शिरच्छेद झाला. स्फटिकाची घडण तो फुटल्यावर कळते. मनुष्याची संकटांत कळते.

१८०१ सालीं त्यांचा खनिजशास्त्रावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जून १८२२ मध्यें ते पॅरिस येथें निवर्तले.

आमच्या महाराष्ट्राशींही त्यांचा एक धागा जुळतो. तापविल्यास ज्याचे पापुद्रे सुटतात, अशा एका खनिजास त्यांनीं १८०६ सालीं अपोफिलाइट हें नांव दिलें. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं येथें पसरलेला लाव्हारस थिजतांना वायूच्या बुडबुड्यांमुळें त्यांत पोकळ्या राहिल्या. पुढें खनिजें विरघळलेलें ऊन पाणी त्यांत झिरपून अपोफिलाइटचे सुंदर स्फटिक वाढले. पुणें व जळगांवकडील खाणींत ते सांपडतात. असा खडा हातीं आल्यास विद्यार्थ्यांनीं त्याचे पैलू अवश्य निरखावे.