निरशा दुधामागचं सत्य शोधणाऱ्या ॲलिसबाई

दूध तापवल्याशिवाय प्यायचं नाही, हे आपल्याला आई-आजीनं शिकवलं. पण मैत्रिणींनो, गुरांचा एक चिवट आजार निरशा दुधातून माणसात येतो, हे जगाला पटवून देताना एका बाईला केवढं सोसावं लागलं, हे फार थोड्या जणींना ठाऊक असेल. त्या बाई म्हणजे अमेरिकेच्या ॲलिस इव्हान्स.

त्यांचा जन्म १८८१ चा, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका शेतकरी कुटुंबातला. पुढे शिकायला पैसे नव्हते, म्हणून चार वर्षं त्यांनी शाळेत शिकवलं. खेड्यातल्या शिक्षकांसाठी कॉर्नेल विद्यापीठात निसर्गशिक्षणाचा मोफत अभ्यासक्रम होता. ॲलिसबाई तिथे गेल्या आणि विज्ञानात रमल्या. शिष्यवृत्ती मिळवत १९०९ मध्ये पदवी घेतली, १९१० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केलं आणि सरकारच्या दुग्ध विभागात जीवाणूंवर संशोधन सुरू केलं.

त्या काळी दोन वेगवेगळे आजार माहीत होते. एक माल्टा बेटावरचा, माणसांना येणारा ताप. त्याचा जंतू डेव्हिड ब्रूस यांनी शोधला होता आणि तो शेळीच्या दुधातून येतो, हेही पुढे कळलं होतं. दुसरा आजार गायींचा. त्यात गायी गाभडायच्या. त्याचा जंतू १८९७ मध्ये डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी शोधला. एक आजार माणसांच्या डॉक्टरांचा, दुसरा गुरांच्या डॉक्टरांचा. दोन्ही जंतू शेजारी ठेवून नीट ताडून बघावेत, असं कुणाच्या मनात आलं नाही. ॲलिसबाईंनी ते केलं. हे दोन्ही जंतू अगदी जवळचे भाऊबंद निघाले! वरून धडधाकट दिसणाऱ्या गायीच्या दुधातही तो जंतू असतो. मग तसलं दूध न तापवता पिणाऱ्या माणसाला धोका नाही कशावरून?

१९१७ मध्ये त्यांनी हे जीवाणूशास्त्रज्ञांच्या सभेत मांडलं, १९१८ मध्ये शोधनिबंध छापून आला. पण विश्वास कोण ठेवणार? एवढी मोठी गोष्ट आजवर कुणा थोराच्या नजरेतून कशी सुटेल, असं लोकांना वाटलं. त्यातून ही बाई, आणि नावापुढे डॉक्टरेटही नाही! थिओबाल्ड स्मिथ यांच्यासारख्या नामवंत शास्त्रज्ञानंही शंका घेतली. दूधवाल्यांना तर हे नकोच होतं. ॲलिसबाई भांडत बसल्या नाहीत, काम करत राहिल्या. हळूहळू इतर देशांतल्या संशोधकांनाही तेच आढळलं. ब्रूस यांच्या नावावरून या जंतूंना ब्रुसेला आणि आजाराला ब्रुसेलोसिस म्हणू लागले.

पुढचं वाचून मात्र जीव कळवळतो. १९२२ मध्ये प्रयोगशाळेत काम करताना हा आजार त्यांनाच जडला. ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा. अंग मोडून यायचं. वीसएक वर्षं हे दुखणं अधूनमधून उलटत राहिलं. आणि ज्या आजारावर त्यांनी आयुष्य वेचलं, तोच त्यांना झालाय हे न ओळखता डॉक्टरांनी सगळं मनाचे खेळ म्हणून ठरवून टाकलं. पुढे त्यांच्या शरीरात खरोखर जंतू सापडले, तेव्हा कुठे ते बोलणं थांबलं. असल्या दुखण्यातही १९२८ मध्ये त्या अमेरिकेतल्या जीवाणूशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. १९३० नंतरच्या दशकात तिथे दुधाचं पाश्चरायझेशन सर्रास होऊ लागलं. १९४५ मध्ये निवृत्त झाल्यावर बायकांच्या मंडळांत जाऊन त्या मुलींना विज्ञानाकडे वळायला सांगत. १९७५ मध्ये, चौऱ्याण्णव वर्षांच्या होऊन त्या गेल्या.

हा आजार आपल्याकडेही आहे. म्हणूनच २०१९ मध्ये केंद्र सरकारनं लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस यांविरुद्ध देशभर लसीकरणाचा कार्यक्रम सुरू केला. ब्रुसेलोसिसची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि म्हशीच्या पारड्यांना देतात. ती चुकवू नका. गाय, म्हैस किंवा शेळी गाभडली तर वार आणि मेलेलं पिल्लू उघड्या हातांनी उचलू नका, जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. धारोष्ण दूध ताकदीचं म्हणून लेकरांना पाजू नका. दूध उकळलं की हा जंतू मरतो.

बचतगटाच्या कामात मला शेळ्या-म्हशी सांभाळणाऱ्या कितीतरी बायका भेटतात. अंग दुखतं, रात्री घाम फुटतो, बारीक ताप आहे म्हटलं, की घरचे म्हणतात, कामाचा कंटाळा आलाय. अशा वेळी डॉक्टरांकडे जा आणि घरात जनावरं आहेत हे आवर्जून सांगा. रक्ताच्या तपासणीत हा आजार कळू शकतो आणि त्यावर औषधंही आहेत. ॲलिसबाई आजारी पडल्या तेव्हा ती नव्हती, आपल्याला ती मिळतात. मग दुखणं अंगावर का काढायचं?