अरण्याची ओढ असलेला गृहस्थ : जॉन म्यूर

संसारात रमलेल्या माणसाला अरण्य दुरावते आणि अरण्यात रमलेल्याचे घर उघडे पडते, असा पुष्कळांचा अनुभव आहे. अमेरिकेतील सुप्रसिद्ध निसर्गोपासक जॉन म्यूर यांच्या ठिकाणी या दोहोंची ओढ सारखीच प्रबळ होती. ती दोन्ही बाजूंनी सांभाळताना त्यांना काय सोसावे लागले आणि घरच्या माणसांनी त्यांना कसा हात दिला, हे सर्व गृहस्थांनी जाणून घेण्यासारखे आहे.

म्यूर यांचा जन्म २१ एप्रिल १८३८ रोजी स्कॉटलंडमधील डन्बार या समुद्रकाठच्या गावी झाला. १८४९ मध्ये त्यांचे वडील डॅनियल म्यूर यांनी बिऱ्हाड अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे हलविले आणि रान तोडून शेती मांडली. वडील अत्यंत धर्मनिष्ठ, परंतु तितकेच कठोर होते. पाण्यासाठी विहीर खणावयाची ठरली, तेव्हा त्यांनी जॉनला छिन्नी-हातोडा देऊन खडकात उतरविले. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत तो मुलगा एकटा दगड फोडीत असे. विहीर सुमारे ऐंशी फूट खोल गेली असता तळाशी साचलेल्या विषारी वायूने तो गुदमरला व मरता मरता वाचला. एक-दोन दिवसांनी वडिलांनी त्याला पुन्हा खाली उतरविले. श्रमाची सवय अशी लागली. मध्यरात्रीनंतर उठून, तळघरात बसून, तो लाकडी घड्याळे व यंत्रे घडवीत असे; तेवढाच वेळ त्याचा स्वतःचा होता.

विद्यापीठात काही काळ शिकून म्यूर एका कारखान्यात कामाला लागले. १८६७ मध्ये एक टोकदार हत्यार निसटून त्यांच्या उजव्या डोळ्यात शिरले आणि पाठोपाठ दुसऱ्या डोळ्याचीही दृष्टी गेली. अनेक आठवडे त्यांना अंधाऱ्या खोलीत पडून राहावे लागले. दृष्टी परत आली तेव्हा त्यांनी यंत्रांचा व्यवसाय कायमचा सोडला. त्याच वर्षी सुमारे एक हजार मैल पायी चालत ते फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पोहोचले आणि १८६८ मध्ये कॅलिफोर्नियात आले. तेथील सिएरा नेवाडा पर्वतात मेंढपाळाबरोबर आणि लाकूड कापण्याच्या गिरणीवर काम करीत त्यांनी डोंगर, वृक्ष आणि हिम यांचा अभ्यास केला. योसेमिटीचे खोरे जमीन खचून झाले, असे मोठे भूगर्भतज्ज्ञ सांगत असत. ते हिमनद्यांनी कोरले आहे, हे या पदवीहीन माणसाने प्रत्यक्ष पाहून मांडले. या कामी हिमनद्यांचा मोठा वाटा होता, हे पुढे मान्य झाले.

१४ एप्रिल १८८० रोजी म्यूर यांनी लुईसा स्ट्रेंट्झेल यांच्याशी विवाह केला. सासरे मूळचे पोलंडचे डॉक्टर असून मार्टिनेझ येथे त्यांच्या फळबागा होत्या. १८८१ मध्ये वांडा आणि १८८६ मध्ये हेलन अशा दोन कन्या झाल्या. प्रारंभी अलास्काच्या एक-दोन सफरी झाल्या, परंतु त्यानंतर सात-आठ वर्षे म्यूर यांनी बागेलाच वाहून घेतले. सासऱ्यांनी हौसेने लावलेल्या नाना जातींऐवजी बाजारात खपणाऱ्या मोजक्या जातींची कलमे त्यांनी बांधली. नासपती व द्राक्षे यांच्या विक्रीत ते चोख व्यवहारी ठरले आणि पैसाही चांगला मिळाला. १८८५ मध्ये वडील मृत्युशय्येवर असता, जुना कठोरपणा मनात न आणता, भावंडांना गोळा करून ते त्यांच्या उशाशी जाऊन बसले. मुलींना घेऊन रानात फिरावे, फुलांची नावे सांगावीत, हाच काय तो त्यांचा विरंगुळा होता.

तथापि देह झिजत होता. खोकला जडला, लेखणी थांबली. लुईसा यांना स्वतःला डोंगरांची आवड नव्हती. १८८४ मध्ये पतीबरोबर योसेमिटीला गेल्या, तेव्हा त्यांना अस्वलांचीच धास्ती वाटत राहिली. परंतु पतीचे दुखणे कशाचे आहे, हे त्यांनी नेमके ओळखले. १८८८ मध्ये म्यूर रेनिअर पर्वताकडे गेले असता त्यांनी पत्र लिहून कळविले की, बागेपायी आपले आयुष्य आणि लेखन खर्ची घालू नये. वाटल्यास जमीन विकावी अथवा खंडाने द्यावी. त्याप्रमाणे पुढे काही जमीन विकली गेली व काही भार म्यूर यांच्या भावाने आणि मेहुण्याने उचलला. पतीचे घराबाहेर राहणे पत्नीने असे राजीखुशीने पत्करले नसते, तर पुढील कार्य बहुधा घडलेच नसते.

१८९० मध्ये म्यूर यांच्या लेखांमुळे लोकमत जागे झाले आणि योसेमिटी राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. १८९२ मध्ये सिएरा क्लब ही संस्था निघाली. तिचे ते अखेरपर्यंत अध्यक्ष होते. १९०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यांच्यासह योसेमिटीत तीन रात्री उघड्यावर काढल्या. त्यानंतरच्या जगप्रवासात म्यूर हिंदुस्थानातही आले व हिमालयातील देवदार त्यांनी पाहिले.

१९०५ मध्ये हेलनच्या फुप्फुसांच्या विकारासाठी ते दोन्ही मुलींसह ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत राहिले असता पत्नीच्या आजाराची तार आली. ते परतले, ऑगस्टमध्ये लुईसा निवर्तल्या. त्यानंतर मुलीच्या प्रकृतीसाठी ते पुन्हा ॲरिझोनात गेले. तेथे दगड झालेल्या प्राचीन वृक्षांचा त्यांनी अभ्यास केला. १९०६ मध्ये त्या स्थळालाही संरक्षण मिळाले.

त्यांच्यात उणिवा होत्याच. आरंभीच्या लेखनात तेथील आदिवासींविषयी हीन उद्गार आढळतात. सिएरा क्लबनेच २०२० मध्ये ते उघडपणे मान्य केले. पराभवही वाट्याला आला. हेच हेची खोऱ्यात धरण होऊ नये म्हणून ते अनेक वर्षे झगडले, परंतु १९१३ मध्ये धरणाचा कायदा संमत झाला. पुढील वर्षी, हेलनला भेटावयास गेले असता, त्यांना न्यूमोनिया झाला आणि २४ डिसेंबर १९१४ रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांचा अंत झाला.

मार्टिनेझ येथील त्यांचे घर १९६४ पासून राष्ट्रीय स्मारक म्हणून राखले आहे. माडीवरील ज्या खोलीत बसून ते अरण्याविषयी लिहीत, ती खोलीही तेथेच आहे. अरण्ये वाचविणारी ती पुस्तके घरातच लिहिली गेली, आणि ती लिहावयास लागणारी मोकळीक ज्या गृहिणीने दिली तिला अरण्याची भीती वाटत असे. म्यूर यांचे स्मरण करताना लुईसा यांचेही स्मरण केले पाहिजे.