थॉमस मोरन : यलोस्टोनचे रंग कागदावर आणणारा चित्रकार

थॉमस मोरन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८३७ रोजी इंग्लंडमधील बोल्टन येथे झाला. आईवडील हातमागावर कापड विणायचे. १८४४ मध्ये हे कुटुंब अमेरिकेत आलं. सोळाव्या वर्षी थॉमस फिलाडेल्फियात लाकडी ठसे कोरणाऱ्यांकडे उमेदवारी करू लागले. मासिकांतली चित्रं तेव्हा अशा ठशांवरूनच छापली जायची.

१८७१ मध्ये एका मासिकाने त्यांना यलोस्टोनवरील लेखासाठी चित्रं काढायला सांगितली. मोरन यांनी तो प्रदेश पाहिलेलाच नव्हता! तिथे जाऊन आलेल्यांची कच्ची रेखाटनं समोर ठेवून त्यांनी काम केलं. पण त्यावर ते थांबले नाहीत. त्याच उन्हाळ्यात उसने पैसे घेऊन ते फर्डिनंड हेडन यांच्या सरकारी सर्वेक्षणात सामील झाले. घोड्यावर बसायची सवयसुद्धा नव्हती. सोबत छायाचित्रकार विल्यम हेन्री जॅक्सन होते. फोटो तेव्हा बिनरंगी असायचे. पिवळे कडे आणि गरम पाण्याची रंगीत कुंडं मोरन यांच्या जलरंगांतच उतरली.

ही चित्रं आणि फोटो वॉशिंग्टनमध्ये खासदारांना दाखवले गेले. १ मार्च १८७२ रोजी कायदा झाला आणि यलोस्टोन जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरलं. त्याच वर्षी मोरन यांचं यलोस्टोनच्या दरीचं भव्य तैलचित्र अमेरिकी संसदेने १०,००० डॉलरला विकत घेतलं.

१८७६ मध्ये बोस्टनचे मुद्रक लुई प्रँग यांनी मोरन यांच्या जलरंगांवरून १५ रंगीत छापील चित्रांचा संच काढला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, आणि एकच कागद एकामागून एक दगडांवर दाबायचा. आपल्याकडे राजा रविवर्मांच्या छापखान्यातली चित्रंही अशीच दगडावरून छापली जायची. प्रँग यांचा संच मात्र महाग होता. सामान्य वाचकांपर्यंत पोहोचली ती मासिकांतली ठशांची चित्रं, आणि ती मोरन पुढेही अनेक वर्षं काढत राहिले.

२५ ऑगस्ट १९२६ रोजी कॅलिफोर्नियात त्यांचं निधन झालं. वायोमिंगमधील एका शिखराला त्यांचं नाव आहे.

वर्गासाठी एक उपक्रम : संसदेने घेतलेलं ते चित्र सुमारे ७ फूट उंच आणि १२ फूट रुंद आहे. मैदानावर फक्कीने तेवढा आयत आखा, मध्ये पाठ्यपुस्तकातलं एखादं चित्र ठेवा. छापताना मूळ चित्रातलं काय हरवतं आणि छापल्यामुळे आपल्या हाती काय येतं, हे मुलंच सांगतील.